गाडीसाठी गाडी

मैत्रिणींनो, ‘हौसेला मोल नाही’ असं आपण म्हणतो खरं. पण महिनाअखेर जमाखर्चाची वही उघडून बसलं, की प्रत्येक हौसेला मोल असतं, आणि ते बहुतेक वेळा किराणा आणि औषधं यांच्या मधल्या ओळीत सापडतं! कुणाच्या घरी कबुतरं असतात, कुणाच्या घरी तबला, कुणाच्या गच्चीवर गुलाबाच्या शंभर कुंड्या. आमच्या घरी मोटार आहे. भाजी आणायची, दवाखान्यात न्यायची ती नव्हे हो, ती वेगळी. ही नुसती हौसेची. पोर्चमध्ये पांघरूण घेऊन झोपते, रविवारी अंघोळ करते, आणि वर्षातून दोन-तीनदा नटूनथटून समारंभाला जाते. थोडक्यात काय, घरात एक सवत असावी तशी ही १९६७ सालची फियाट.

आमच्या मामंजींनी ती घेतली. त्या काळी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी माहेरी ऐकलं असेल. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात १९६४ पासून हे ‘डिलाइट’ मॉडेल निघू लागलं. त्याचीच पुढची बहीण म्हणजे पद्मिनी. हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता असल्या गाड्या उरल्या त्या आमच्यासारख्या वेड्यांच्या पोर्चमध्ये.

तुम्ही म्हणाल, गाडी आहे, चाकं आहेत, तर चालवा की! पण तिथंच तर मेख आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले. मूळ रूपात सांभाळलेली गाडी असेल तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती चालते दहा वर्षं, आणि पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणायची. त्यात वय झालेलं. पन्नास-साठ किलोमीटर गेलं, की मे महिन्यातल्या नागपूरकरासारखी हिला तहान लागते आणि बॉनेटमधून वाफा निघू लागतात.

मागच्या वर्षी अमरावतीच्या एका प्रदर्शनाहून परत येताना कोंढाळीजवळ ती बसलीच. एका टोइंगवाल्याला बोलावलं. त्याने पुढची चाकं उचलून बांधली, मागची रस्त्यावर ठेवली, आणि पन्नास किलोमीटर ओढत नागपूरला आणली. दिसायला काम झकास! पण फियाट मागच्या चाकांवर चालणारी गाडी. ती चाकं फिरली की गिअरबॉक्सच्या मागचा भागही फिरतो. इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्समध्ये तेल उडवणारे दाते मात्र गप्प बसतात. शेवयांचं यंत्र तेलाचा थेंब न घालता तासभर फिरवलं तर काय होईल? तेच झालं. घरी आल्यावर गिअरबॉक्समधून जात्यासारखी घरघर. सुटे भाग मिळवायला चार महिने लागले, आणि खर्च झाला त्यात स्वयंपाकघराचा नवा ओटा आला असता.

तेव्हापासून यांनी धोशा लावला, “आपण ट्रेलर घेऊ.” म्हणजे गाडीला न्यायला आणखी एक गाडी! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, ते हेच. मी सरळ नाही म्हणून मोकळी झाले असते. पण दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. नोकरीतून निवृत्त झालेला आणि त्यात दुखण्याने घाबरलेला पुरुष घरात कसा बसतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. वर्तमानपत्र तीनदा वाचायचं, घड्याळाकडे पाहायचं, आणि ‘काही नाही’ म्हणायचं. त्या दिवसांत सकाळी उठून हे जर कशासाठी पोर्चपर्यंत चालत गेले असतील, तर त्या गाडीसाठी. डॉक्टरांच्या गोळ्यांची किंमत मी वहीत लिहिते. मग याची कुठे लिहायची? तेव्हा मी म्हटलं, “नाही म्हणत नाही. पण आधी मला आकडे दाखवा.” मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. आकड्यांशिवाय माझ्याकडून होकार मिळत नाही, हे यांना चाळीस वर्षांत पक्कं कळलं आहे.

माझ्या तीन अटी होत्या. एक, माझ्या नावच्या मुदत ठेवीला हात लागणार नाही. दोन, ओढणारी गाडी मी चालवणार, कारण लांबचा पल्ला यांना मना आहे. आणि तीन, फाटकातून सासूबाईंची चाकांची खुर्ची आणि वेळ पडली तर रुग्णवाहिका आत येण्याची वाट कायम मोकळी राहील. सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, “सूनबाई, तिसरी अट माझी म्हणून सोडू नकोस हो!” झालं, तिन्ही मंजूर.

आता खरी गंमत सुरू होते. ट्रेलर निवडणं हे पातळ निवडण्याइतकंच नाजूक काम आहे. दुकानदार पदर दाखवतो, आपण पोत पाहायचा.

पहिला प्रश्न वजनाचा. एक विक्रेता म्हणाला, “दीड टनाचा ट्रेलर आहे ताई, तुमची फियाट तर नऊशे किलोची!” हे लगेच खूश. फियाटचं रिकामं वजन ८९५ किलो, हे खरंच. पण मी विचारलं, “दीड टन म्हणजे ट्रेलरसकट की ट्रेलर सोडून?” तर ट्रेलरसकट! ट्रेलरचं स्वतःचं वजन साडेपाचशे. पंधराशेतून साडेपाचशे गेले, राहिले साडेनऊशे. त्यात गाडी ८९५, टाकीतलं पेट्रोल, जॅक, हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन, आणि यांनी ‘लागेल कदाचित’ म्हणून घेतलेलं जास्तीचं डायनामो आणि रेडिएटर. हजाराला कधी टेकतं ते कळतही नाही. पातेलं काठोकाठ भरून कुणी गॅसवर दूध ठेवतं का? तसंच हे. म्हणून मैत्रिणींनो, ट्रेलरच्या पट्टीवरचा एकूण आकडा वाचायचा, त्यातून ट्रेलरचं स्वतःचं वजन वजा करायचं, आणि उरेल त्यात आपल्या सामानाला निदान पाव हिस्सा मोकळा राहतोय का ते पाहायचं. आम्ही शेवटी दोन टनांच्या एकूण वजनाचा, स्वतः साडेसहाशे किलोचा ट्रेलर पसंत केला. म्हणजे माल साडेतेराशेपर्यंत, आमचा हजार.

पण वजाबाकी इथं संपत नाही. भरलेला ट्रेलर साडेसोळाशे किलोचा झाला. तो ओढणार कोण? शेतावर जायला आमच्याकडे जीपच्या वळणाची डिझेल गाडी आहे, तिचं स्वतःचं वजन सतराशे किलोच्या आसपास. ओढणाऱ्यापेक्षा ओढला जाणारा जड नसावा, हा साधा व्यवहार. तोही इथं जेमतेम पाळला जातो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ओढण्याची मर्यादा दिली आहे का ते पाहावं. नसेल तर कंपनीकडून लेखी मागावी. आम्ही लेखी मागितली आणि ती हातात आल्यावरच पुढे सरकलो. ‘ओढते हो, आमच्या गावाकडे तर...’ या वाक्यावर कधीही विसंबू नये. आणि हुक बसवायचा तो खालच्या चासीला, पक्क्या बोल्टांनी. बंपरला बसवलेला हुक म्हणजे टाचणीने अडकवलेला पदर!

दुसरा प्रश्न तोलाचा, आणि हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ट्रेलरवर गाडी पुढे चढवायची की मागे? यांनी मला इंग्रजी पुस्तकातल्या आकृत्या दाखवल्या, माझ्या डोक्यात शिरेना. मग आमच्या जुन्या मिस्त्रींनी एका वाक्यात समजावलं. “ताई, बंडी पाह्यली ना तुम्ही? मांगं जास्त भरली का बंडी उलार होते, जू वर उचलते. पुढं जास्त भरली का बैलाच्या मानेवर जोर येते. हे बी बंडीच हाय, फक्त बैल डिझेल पेतो!” काय सांगू, साऱ्या आकृत्या एका क्षणात उलगडल्या. आपल्या आजोबांना जे ठाऊक होतं तेच हे शास्त्र. ट्रेलर उलार असेल, तर वेग वाढल्यावर त्याची शेपटी डावी-उजवीकडे डुलू लागते आणि पुढच्या गाडीलाही झोकांड्या देते. म्हणून हुकवर थोडा भार यायलाच हवा. अमेरिकेत एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के सांगतात. युरोपातल्या गाड्या लहान, तिथं पाच-सात टक्क्यांच्या आसपास. आमच्या हुकवर शंभर किलोची मर्यादा कोरलेली होती, म्हणून आम्ही नव्वद धरले.

आणि ते नव्वद मोजले कशावर, सांगू? न्हाणीघरातल्या आपल्या वजनकाट्यावर! सपाट जमिनीवर ट्रेलर उभा केला, चाकांना पाचर लावली, काट्यावर फळी ठेवली आणि ट्रेलरचं नाक हळूच तिच्यावर टेकवलं. फियाट वीतभर पुढे घेतली की आकडा वाढायचा, मागे घेतली की कमी व्हायचा. नव्वदावर आल्यावर पुढच्या चाकांसमोर लाकडी ठोकळा ठोकून टाकला. आता दर वेळी मोजायला नको. चाक ठोकळ्याला टेकलं की तोल बरोबर. काटा कितीपर्यंत मोजतो ते मात्र आधी पाहा, नाहीतर नवा आणावा लागेल.

तिसरा प्रश्न ब्रेकचा. ट्रॅक्टरच्या मागे धावणाऱ्या ट्रॉल्या आपण विदर्भात रोज पाहतो. ना ब्रेक, ना मागे लाल दिवा, आणि अंधारात त्यांच्यावर आदळून गेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. ब्रिटनमध्ये आणि युरोपात साडेसातशे किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आमचा तर त्याच्या दुपटीहून जड. म्हणून बिनब्रेकचा स्वस्त ट्रेलर मी दारातूनच परत पाठवला. आम्ही घेतला त्याचा ब्रेक मोठा गमतीचा आहे. पुढची गाडी मंदावली की मागचा ट्रेलर तिला ढकलतो. त्या ढकलण्यानेच एक दांडा आत सरकतो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. वेगळी तार नाही, पेडल नाही. जितक्या जोरात ढकलेल, तितका स्वतःलाच आवरेल. घरातल्या काही माणसांना असा ब्रेक बसवता आला असता तर! मात्र गाडी मागे घेतानाही ढकलणं होतंच, म्हणून त्या वेळी ब्रेक सुटण्याची सोय त्यात आहे की नाही, हे विचारून घ्यावं. शिवाय हुक निसटलाच तर ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून दोन साखळ्या, आणि मागचे दिवे पुढच्या गाडीबरोबर लागतात का याची खात्री. निघण्यापूर्वी एकीने मागे उभं राहून ‘लागला, विझला’ असं ओरडून सांगायचं. आमच्याकडे हे काम सासूबाई खुर्चीत बसून करतात, आणि कुणालाही सवलत देत नाहीत.

चौथी गोष्ट मापांची. फियाटची लांबी ३ मीटर ९३ सेंटिमीटर, म्हणजे तेरा फुटांच्या थोडी आत. रुंदी १ मीटर ४६, म्हणजे पावणेपाच फूट. चौदा फुटांचा पाटा पुरतो, पण तोल साधायला गाडी पुढे-मागे करावी लागते, म्हणून पंधरा बरा. रुंदी पाहताना एक गोष्ट पुरुषांच्या लक्षात हमखास येत नाही: गाडी वर चढवल्यावर आतल्या माणसाने बाहेर यायचं कसं? ट्रेलरच्या चाकांवरची पत्र्याची कमान उंच असेल, तर दार उघडतच नाही. एका ठिकाणी हे स्वतः आत अडकून बसले होते आणि बाहेर विक्रेता ट्रेलरचे गुण सांगत होता! कमान दाराच्या खालच्या कडेपेक्षा बुटकी हवी. चढायच्या फळ्या लांब असाव्यात. आखूड असल्या की चढ उभा होतो आणि सायलेन्सर घासतो. आणि गाडी सुरूच होत नसेल तेव्हा तिला वर ओढायला पुढे हाताने फिरवायचं चाक-दोर, म्हणजे विंच, हवंच. यांना जोर लावायची मनाई असल्याने माझा त्यावर विशेष आग्रह होता.

उघडा की बंद? बंद ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोलीच. धूळ नाही, पाऊस नाही. पण तो जड, महाग आणि वाऱ्याला अडवणारा. आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत काय होईल, ते लोणच्याच्या बरणीला विचारा. आम्ही उघडा घेतला. उघड्यावर न्यायची म्हणून गाडीला कापडी अभ्रा मात्र घालू नये. वाऱ्याने तो फडफडतो आणि धुळीसकट रंगावर घासून चरे पाडतो. धूळ पुसता येते, चरे पुसता येत नाहीत.

बांधण्याचं तंत्र वेगळंच. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये ठेवली, म्हणजे झालं असं मुळीच नाही. पट्टे चारही चाकांवरून घेऊन चार कोपऱ्यांना आवळायचे. बॉडीला दोर बांधला तर गाडी स्प्रिंगवर वरखाली होते आणि दोर सैल पडतो. चाकं बांधली की गाडी आपल्या जागी खुशाल डोलते, पट्टा सैल होत नाही. तरीही पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे. अमरावती रस्त्याला आमचा हा थांबा बाजारगावच्या अलीकडे. पट्टे मी तपासते आणि हे थर्मासमधून चहा ओततात.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. यांचा आवडता विचार असा होता, की हिंगण्याला ओळखीचा वेल्डर आहे, निम्म्या किमतीत बनवून घेऊ. मी म्हटलं, “आणि रजिस्ट्रेशन?” मोटार वाहन कायदा १९८८ चा; त्याच्या ६१व्या कलमाप्रमाणे ट्रेलरलाही इतर वाहनांसारखी नोंदणी लागते, त्याचा वेगळा नंबर असतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसावा लागतो. वेल्डरने कितीही मजबूत काम केलं, तरी मान्यतेचे कागद तो कुठून देणार? पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची ज्या नमुन्याला मान्यता आहे, तोच घ्यावा. विमा कंपनीलाही ओढणारी गाडी आणि ट्रेलर दोन्हींबद्दल लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. रस्त्यावर कुणाला लागलं, तर स्वस्तातला ट्रेलर घर विकायला लावील. ज्या अपघातात आपली चूक आहे, त्यात समोरही कुणाचं तरी घर असतं, हे विसरून कसं चालेल?

सहावी गोष्ट, हे सगळं ठेवायचं कुठं? ट्रेलर नाकापासून शेपटीपर्यंत अठरा-एकोणीस फूट भरतो. आमच्या लेआऊटमधला प्लॉट मोठा नाही. खडूने अंगणात ट्रेलरची आकृती काढली आणि तिच्या कडेने सासूबाईंची खुर्ची ढकलून पाहिली. दोन जागा बाद झाल्या, कंपाउंडच्या मागची एक पास झाली. तिथंही तो नुसता उभा करून चालत नाही. नागपूरच्या उन्हात उभे टायर तडकतात. म्हणून त्याला घोड्यांवर उचलून ठेवतो आणि टायरांवर जुन्या चादरी टाकतो. पावसाळ्याआधी चाकांच्या बेअरिंगना ग्रीस आणि पट्ट्यांना वर्षातून एकदा बारकाईने पाहणं. पट्टा कुठेही उसवला असेल तर फेकून द्यायचा; पुन्हा शिवत बसायचं नाही, आपण बायका कितीही काटकसरी असलो तरी!

आता राहिला पैशाचा प्रश्न, जो खरं तर पहिला. भाव दर वर्षी बदलतात, म्हणून मी रक्कम न सांगता रीत सांगते. वहीचं पान उभं दुमडावं. डावीकडे भाड्याचा खर्च: गाडी पूर्ण वर घेऊन जाणारा सपाट पाठीचा ट्रक एका खेपेला किती घेतो, गुणिले वर्षातल्या खेपा. उजवीकडे ट्रेलरचा: किंमत भागिले दहा वर्षं, त्यात दर वर्षाचा विमा, टायर, ग्रीस आणि तेवढ्या पैशांवर बुडणारं व्याज. मागच्या पाच वर्षांत आमच्या खेपा निघाल्या वर्षाला फार तर तीन. आकड्यांनी स्पष्ट सांगितलं: एकट्याने घेणं परवडत नाही, भाड्याचा ट्रकच बरा. हे काही बोलले नाहीत. नुसतं वहीचं पान हातात धरून बसले. मला ते बोलणं परवडलं असतं, ते न बोलणं नाही परवडलं.

मग दुसऱ्या दिवशी मीच जुन्या गाड्यांच्या दोन घरी फोन केले. या दोघी वहिनी आणि मी प्रदर्शनांत आपापल्या नवऱ्यांची वाट पाहत सावलीत बसून मैत्रिणी झालेल्या. त्यांच्याकडेही तेच दुखणं! तिघींच्या खेपा मिळून वर्षाला नऊ झाल्या, आणि वहीतलं उजवं पान हलकं झालं. तिघांनी मिळून ट्रेलर घेतला. नोंदणी एकाच्या नावे, पण बाकी सगळं कागदावर: कोणी किती दिले, तारखा ठरवायच्या कशा, मोडला तर भरायचं कुणी, आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी धरायची. भाऊजी हसले, “वहिनी, घरच्यांत कसला करारनामा?” मी म्हटलं, “घरचे राहावे म्हणूनच.” माझी मुदत ठेव जागच्या जागी आहे.

चालवायला शिकायलाही वेळ द्यावा. आमच्या लेआऊटमागच्या मैदानावर मी तीन रविवार सकाळी रिकामा ट्रेलर घेऊन गेले. पुढे जाणं सोपं, फक्त वळण रुंद घ्यायचं, नाहीतर ट्रेलर कोपरा कापतो. मागे घेताना सगळं उलटं होतं. त्यावर एक युक्ती: स्टिअरिंगचा खालचा भाग धरायचा, ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्यायचा, तो तिकडेच जातो. हळू, अगदी हळू. पहिल्या रविवारी मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून पाहत उभी राहिली. तिसऱ्या रविवारी कुणी वळूनही पाहिलं नाही, तेव्हा समजलं की जमलं. रस्त्यावर मी साठाच्या वर जात नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला, तिथं गाड्या ताशी १२० ने जातात. ते आपलं काम नव्हे. आणि ट्रेलर डुलू लागलाच, तर कचकन ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, चाक सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. संसारातही पुष्कळदा हेच करावं लागतं, नाही का?

काही मैत्रिणी विचारतात, एवढा खटाटोप कशाला? मला शंकरपटाची आठवण होते. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी घातली होती, मे २०२३ मध्ये राज्याचा नवा कायदा मान्य झाला, आणि आता पुन्हा पट भरतात. शर्यतीचे बैल काही चालत पटाला जात नाहीत. त्यांना पिकअपमध्ये गवताच्या गादीवर उभं करून आणतात, आणि बरोबर छकडा येतो. कुणी शेतकऱ्याला विचारत नाही की बैलाला गाडी कशाला. ज्याच्यावर जीव असतो त्याला माणूस जपून नेतो. प्रश्न एवढाच, की त्या जिवापायी घरातल्या दुसऱ्या कुणाचा जीव टांगणीला लागू नये.

म्हणून माझं सांगणं असं: घरात कुणाला हौस असेल, मग ती मोटारीची असो, कुत्र्याची असो की तंबोऱ्याची, तर एकदम ‘नाही’ म्हणू नका आणि एकदम ‘हो’ही म्हणू नका. वही घ्या, तोल कुठे पडतो ते पाहा, ब्रेक कोणता ते विचारा, आणि आपली वाट मोकळी आहे ना याची खात्री करा. आणि जमलं तर चालवायला स्वतः बसा. आरशात मागे ती पन्नाशी ओलांडलेली गाडी आणि शेजारच्या सीटवर चहाचा कप सांभाळणारं आपलं माणूस, दोन्ही एकाच वेळी नजरेसमोर राहतात.